संसार लावून देणारी माणसं

दुबई म्हटलं की आता उंच मनोरे, मॉल आणि वाळवंटातल्या सफरी डोळ्यांपुढे येतात. आमच्या पिढीची दुबई मात्र खाडीच्या काठी होती, बर दुबई आणि करामा या दोन वस्त्यांत. १९८५ च्या आगेमागे आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत मुंबई, ठाणे, पुणे, रत्नागिरी, कोल्हापूर, मडगाव इथून जी मराठी कुटुंबं तिकडे गेली, त्यांतल्या कितीतरी जणांनी तिथल्या तीन-चार मजली इमारतींत आपले संसार मांडले. नवरा आधी जायचा. एका खोलीत चार-सहा जणांबरोबर राहून पैसे साठवायचा, आणि फॅमिली व्हिसाच्या अटीइतका पगार झाला की बायकोमुलांना बोलावून घ्यायचा. आम्ही बहुतेक जणी अशा मागाहून गेलेल्या. पासपोर्टवर नवऱ्याच्या जबाबदारीवर राहण्याचा तीन वर्षांचा शिक्का, आणि त्यातच नोकरी करायला परवानगी नसल्याची ओळ.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला ठाऊक होती. इथं कुणीच कायमचं राहायला आलेलं नाही. नागरिकत्व मिळणार नाही, घर विकत घेता येणार नाही. परदेशी माणसाला दुबईत मालकीचं घर घेण्याची वाट खुली झाली ती २००२ साली, तोवर आमच्यातल्या अनेकांच्या परतीच्या तारखा जवळ आल्या होत्या. नोकरी असेपर्यंत व्हिसा आणि व्हिसा असेपर्यंत घर, एवढा साधा हिशेब. तरीही त्या भाड्याच्या घरांत आमचे संसार रुजले, मुलं मोठी झाली आणि आजही ती घरं आठवली की ऊर भरून येतो. याचं श्रेय ज्या माणसांना आहे, त्यांच्याविषयी कधीतरी मन मोकळं करून लिहावं असं फार दिवस वाटत होतं.

घर मिळणं हीच पहिली मोठी गोष्ट. भाडं वर्षाचं ठरायचं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यावे लागायचे. चेक वटला नाही तर तिथं प्रकरण थेट पोलिसांत जायचं, त्यामुळे ते चेक म्हणजे घरातल्या कर्त्या माणसाच्या उरावरचा धोंडा असायचा. ज्यांना कंपनीचं घर मिळे ते नशीबवान. बाकीच्यांनी शेअरिंगचा मार्ग धरला. दोन बेडरूमचा फ्लॅट, एकेका खोलीत एकेक कुटुंब, स्वयंपाकघर आणि हॉल दोघांत. एक घर नागपूरचं तर दुसरं केरळातलं, एक साताऱ्याचं तर दुसरं गोव्याचं.

एका ओट्यावर दोन संसार कसे चालतात, हे आम्ही तिथं शिकलो. सकाळी शाळेचे आणि ऑफिसचे डबे ज्यांचे आधी, त्यांचा गॅस आधी. फ्रिजचे वरचे दोन कप्पे एकीचे, खालचे दोन दुसरीचे, आणि फ्रीझरमध्ये मासळी ठेवायची तर घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण दुसऱ्या घरी सोमवार, शनिवार पाळले जायचे. मिसळणाच्या डब्याशेजारी सांबार पावडरची बरणी नांदायची. कधी शब्दाला शब्द लागायचाच. पण संध्याकाळी दोन्ही घरांचे पुरुष यायच्या आत तो मिटलेला असायचा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओट्याशी दोघींना खांद्याला खांदा लावून उभं राहायचं असे. आमच्यातल्या कित्येकींचं अप्पम आणि स्ट्यू उत्तम होतं, ते त्या ओट्यामुळे. आणि केरळात परत गेलेल्या कुणा नर्सबाईंच्या घरी आजही संकष्टीला साबुदाण्याची खिचडी होते, तीही त्याच ओट्यामुळे.

नव्या घरात पहिला धडा पाण्याचा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जायचा आणि पाण्याच्या टाक्या गच्चीवर, दिवसभर उन्हात. थंड पाण्याचा नळ उघडला तरी हाताला चटका बसायचा. नव्यानं आलेल्या बाईला काही कळेना, तेवढ्यात शेजारीण येऊन गुपित सांगायची. मे महिना लागला की गीझरचं बटण बंद करून टाकायचं. गीझर घरात असतो, एसीच्या गारव्यात, त्यामुळे त्यातलं पाणी हळूहळू निवतं. म्हणजे उन्हाळ्यात गरम पाण्याच्या नळाला गार पाणी येणार आणि गार पाण्याच्या नळाला कढत. एकाची आंघोळ झाली की दुसऱ्यानं घाई करायची नाही, कारण गीझर रिकामा होतो तसं टाकीतलं गरम पाणी आत भरत जातं. लहान मुलांसाठी रात्रीच बादल्या भरून ठेवायच्या. हे कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. एका बाईनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला, आणि अशी ती युक्ती इमारतीतल्या प्रत्येक घरात पोचली.

अशा किती गोष्टी. वाळूचा वारा सुटणार असं वाटलं की खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबायची. खिडकीतल्या एसीच्या जाळ्या दर आठवड्याला धुवायच्या, नाहीतर मुलांचा खोकला हटत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात दाराबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते, तेव्हा जिन्यात क्षणभर थांबून मगच पायऱ्या उतरायच्या. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवून घ्यायचं, कारण तेव्हा टॅक्सीला मीटर नव्हते. वॉचमनशी नीट ओळख ठेवायची, कारण गच्चीची किल्ली त्याच्याकडे. त्या गच्चीवर आम्ही कुरडया घातल्या, पोह्याचे पापड घातले. सकाळी घातलेले दुपारच्या चहाला कडकडीत वाळायचे, फक्त वाऱ्याची दिशा पाहून पातळ धोतराचं झाकण घालायला लागायचं.

मग प्रश्न पत्त्याचा. दुबईत तेव्हा टपाल घरी येत नसे, पोस्टाच्या पेटीत यायचं. आमची पत्रं नवऱ्याच्या ऑफिसच्या पेटी क्रमांकावर यायची आणि संध्याकाळी त्याच्या खिशातून घरी पोचायची. दारावरच्या घंटीचा आवाज ऐकून आधी त्याच्या शर्टाच्या खिशाकडे नजर जायची. निळं आंतर्देशीय तिकडे चालत नसे, त्यामुळे आईचं पत्र विमानाच्या पातळ कागदावर, कडेकडेनं लिहिलेलं. घराचा पत्ता म्हणजे खुणा. 'प्लाझा सिनेमाच्या मागे', 'मशिदीच्या उजव्या हाताला', 'ज्या इमारतीखाली पांढऱ्या पाटीची लाँड्री आहे ती'. हिंदी सिनेमे लावणारं प्लाझा थिएटर बर दुबईतल्या अर्ध्या अधिक भारतीयांच्या पत्त्यात असायचं. आता तिथं प्रत्येक इमारतीला दहा आकडी मकानी क्रमांक आहे आणि फोनवर तो टाकला की गाडी दारात उभी राहते. आम्ही मात्र नव्या कुटुंबाला आणायला स्वतः खाली उतरायचो. पाहुण्याला जिन्यापाशी वाट पाहत कुणीतरी उभं असणं, हाच तेव्हाचा पत्ता होता.

खालच्या मजल्यावरचं ग्रोसरीचं दुकान म्हणजे सगळ्या इमारतीचा आधार. दुकानदार बहुतेक वेळा कासरगोड किंवा कोझिकोडकडचा. फोन केला की सायकलवरून मुलगा पोळपाटाएवढा खुबूस, म्हणजे अरबी रोटी, दह्याचा डबा, लबनची बाटली, कोथिंबीर घेऊन वर यायचा. हिशेब वहीत, पैसे पगार झाल्यावर. महिनाअखेर आली आणि वही फुगली तरी त्या माणसानं कधी तोंड वाकडं केल्याचं आठवत नाही. नव्या सुनेला हिंदी येत नसे, त्याला मराठी येत नसे, तरी पंधरा दिवसांत तो 'हिरवी मिरची' आणि 'कडीपत्ता' आमच्या उच्चारात म्हणायला लागायचा.

स्वयंपाकघरही तिथल्या वस्तूंशी जुळवून घेत गेलं. ताकाऐवजी लबन, तेवढीच घट्ट आणि आंबट. चक्का बांधायची गरजच नाही, कारण अरबी दुकानात मिळणारं लबनेह म्हणजे तयार चक्का. गुढीपाडव्याला त्यात साखर, वेलची, केशर घालून फेटलं की श्रीखंड. खव्यासाठी निडोच्या दूधपावडरीचा डबा. सुरमई आणि हलवा खाडीपलीकडच्या देऱ्याच्या मासळीबाजारात ताजे, कोकणातल्या माणसाचंही मन भरेल असे. भाजीसाठी हमरियाचा बाजार, जिथे पेटीनं टोमॅटो घेऊन चार घरांत वाटून घ्यायचे. फक्त गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कोकम आणि उकडीच्या मोदकांचं पीठ हे गावाहूनच यायचं. सुट्टीवरून कुणी परत येणार असं कळलं की त्या घरच्या आईकडे आधीच चार घरांच्या पुड्या पोचलेल्या असायच्या. विमानाची सामानाची मर्यादा आपल्या कपड्यांवर न घालवता लोकांच्या भाजणीवर घालवणारी माणसं आम्ही पाहिली आहेत. मुंबई तीन तासांच्या आत गाठता येते. १९८५ मध्ये एमिरेट्स सुरू झाली तेव्हा तिच्या पहिल्या गावांत मुंबई होतीच. पण तिकिटाचे पैसे वर्षातून एकदाच जमायचे, म्हणून प्रत्येक जाणारा-येणारा सगळ्यांचा असायचा.

सगळ्यांत मोठी शिकवण मिळाली ती सामानाच्या फिरतीतून. कुणाची नोकरी संपली, बदली झाली, मुलं मोठी झाली म्हणून कुणी कायमचं परत निघालं, की त्या घरातलं सामान दुसऱ्या घरांत जायचं. पलंग एकाकडे, सोफा एकाकडे, वॉशिंग मशीन तिसऱ्याकडे. काही वस्तूंचे पैसे घेतले जात, काहींचे नाही. लहान बाळाचा पाळणा, बाबागाडी, चौथीपर्यंतची पुस्तकं, शाळेचा गणवेश, मोदकपात्र, सत्यनारायणाचा चौरंग यांचे पैसे घ्यायचे नाहीत, असा अलिखित रिवाज होता. आमच्या इमारतीत एक पाळणा होता, लाकडी, निळ्या रंगाचा, एका बाजूची दांडी तारेनं बांधलेली. तो कुणी विकत घेतला होता हे कुणालाच नक्की सांगता येईना. त्यात निजलेली बाळं आता तिशी-पस्तिशीची आहेत, कुणी पुण्यात, कुणी सिडनीत, कुणी अजून दुबईत. पाळणा ज्या घरी जायचा तिथं तो स्वच्छ पुसून, नवी गादी शिवून आणि शेवटच्या बाळाच्या आईनं केलेल्या लाडवांच्या डब्यासकट जायचा.

बाळंतपणाची आठवण तर आमच्यातल्या प्रत्येकीच्या मनात कोरलेली. आईला बोलवायचं तर व्हिसा, तिकीट, वडिलांची तब्येत, सगळंच आड यायचं. मग इमारतीतल्या बायका आई व्हायच्या. एकीनं डिंकाचे लाडू वळायचे, एकीनं अळिवाची खीर आणायची, एकीनं बाळाला तेल लावून पायांवर आंघोळ घालायची. ते पायांवर घेऊन बाळाला न्हाऊ घालणं नव्या आईला जमत नसे, तिचे हात थरथरायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या चाची हे काम करायच्या. त्या मूळच्या खेडच्या, घरात कोकणी बोलणाऱ्या, दोन मुलगे आखाती देशांत वाढवलेल्या. नमाज आटोपून त्या खाली यायच्या, बाह्या वर सारायच्या, पाटावर बसून पाय लांब करायच्या आणि बाळाला पोटावर निजवून पाठीवर कोमट पाण्याची धार धरायच्या. तोंडानं काहीतरी गुणगुणत राहायच्या. त्यांच्या हातांत रडणारं बाळ गप्प व्हायचं. कितीतरी ब्राह्मण, मराठा, सीकेपी, ख्रिस्ती घरांतली बाळं त्या पायांवर न्हायली आहेत.

रमजानमध्ये आम्ही मुलांना शिकवलं की दिवसा रस्त्यात खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, कारण बाकी सगळे उपाशी आहेत. संध्याकाळी इफ्तारची तोफ झाली की थोड्या वेळानं दाराची घंटी वाजायची. चाचींचं ताट. आमच्या घरी मांस चालत नाही हे त्यांना माहीत, म्हणून आमच्या ताटात खजूर, फळं, भजी आणि सांदणं. ते ताट रिकामं परत पाठवायचं नसे. दिवाळीला त्याच ताटात चकल्या, करंज्या, अनारसे जायचे. संक्रांतीला तिळगूळ सगळ्या मजल्यांवर, आणि पंजाबी, सिंधी, मल्याळी, पाकिस्तानी सगळ्या घरांत आमची मुलं 'गोड बोला' म्हणत धावायची.

सुट्टी शुक्रवारची. पुढे २००६ मध्ये सरकारी सुट्टी शुक्रवार-शनिवार झाली आणि २०२२ पासून शनिवार-रविवार, पण आमच्या मनातला रविवार अजूनही शुक्रवारी येतो. त्या दिवशी सकाळी बर दुबईच्या देवळात जायचं. कापडबाजाराच्या मागच्या अरुंद गल्लीत, मशिदीपासून हाकेच्या अंतरावर, १९५८ पासूनचं ते मंदिर. गल्लीत दोन्ही बाजूंना फुलांचे हार, नारळ, उदबत्त्या. जिना चढताना घामाघूम व्हायचं, पण वर गेल्यावर घंटेचा आवाज कानावर पडला की आठवडा सरल्यासारखा वाटायचा. मग अब्रा, म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी. अर्ध्या दिरहमात पलीकडे देरा. मुलांना तो प्रवास म्हणजे जत्रा. संध्याकाळी दर उतरले की फोन. परदेशचा फोन महाग, त्यामुळे आधी कागदावर लिहून ठेवायचं काय काय विचारायचं, आणि फोन लागला की ऐकू येतंय का, बरं आहे ना, यातच अर्धा वेळ जायचा. स्थानिक फोन मात्र फुकट होते. त्या फुकट फोननं आम्हा बायकांना फार तारलं. दुपारी मुलं निजली की रिसीव्हर खांद्यावर धरून भाजी निवडत तास तास बोलायचं. माहेर फोनच्या तारेतून करामापर्यंत येत नव्हतं, पण करामा बर दुबईपर्यंत येत होता.

एकटी राहणारी मुलं, ज्यांना सगळे 'बॅचलर' म्हणायचे, त्यांना घरोघरी जेवायला बोलवायची पद्धत होती. त्यांतले अनेक विवाहित होते, पण पगार अटीत बसत नसल्यानं बायको गावी. दिवाळीच्या पहाटे ही मुलं नवा शर्ट घालून यायची, फराळाच्या ताटासमोर बसायची, आणि घरातल्या लहान मुलाला मांडीवर घेऊन बराच वेळ सोडायची नाहीत. आपल्या लेकराचं वय ती त्याच्यावरून मोजत असत. पुढे त्यांची कुटुंबं आली तेव्हा त्यांचं घर लावून द्यायला आम्ही गेलो.

या सगळ्याची कसोटी लागली ती १९९० च्या ऑगस्टमध्ये. २ ऑगस्टला इराकनं कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. शाळांना सुट्टी असल्यानं अनेक बायकामुलं भारतात होती, काही जणी दुबईत. गावी असलेल्यांना घरचे म्हणत, आता जाऊ नका. दुबईत असलेल्यांना नवरे म्हणत, तुम्ही परत जा. कुणाचा भाऊ कुवेतमध्ये, कुणाचे दीर, कुणाची अख्खी सासुरवाडी. ती माणसं सगळं सोडून वाळवंटातून अम्मानला पोचत होती आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी भारतात येत होती. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय त्या मोहिमेत परत आले. आमच्या इमारतीत संध्याकाळी ज्यांच्याकडे चांगला रेडिओ त्यांच्या घरी सगळे जमायचे. तांदूळ, डाळ, दूधपावडर किती आहे याची मजल्यावार यादी केली गेली, म्हणजे कुणाकडे कमी पडू नये. ज्यांचे नवरे कामासाठी दूरच्या साइटवर होते त्यांच्या घरी रात्री कुणीतरी झोपायला जायचं. दुबईला झळ बसली नाही, जनजीवन चालू राहिलं. पण त्या महिन्यात आपलं म्हणावं असं माणूस शेजारच्या दारामागे आहे, याची खात्री प्रत्येकाला पटली.

वर्षभरात रुपयाचं अवमूल्यन झालं आणि गावी पाठवलेल्या दिरहमचे जास्त रुपये होऊ लागले. भावंडांची लग्नं, घराचं छप्पर, वडिलांचं ऑपरेशन, जमिनीचा तुकडा, बहिणीचं शिक्षण, हे सगळं त्या पैशातून उभं राहिलं. आमच्या घरी मात्र तोच वापरलेला सोफा आणि तेच दुसऱ्याकडून आलेलं कपाट. याची कधी खंत वाटली नाही.

मुलांचं अंगण म्हणजे दोन इमारतींमधलं वाळूचं पार्किंग. गाड्या निघून गेल्या की विटा रचून क्रिकेट सुरू. टेनिसच्या चेंडूला टेप गुंडाळायची युक्ती लाहोरच्या मुलांनी आमच्या मुलांना शिकवली. शारजात भारत-पाकिस्तान सामना असला की त्या पार्किंगमध्ये दोन गट पडायचे आणि सामना संपला की दोन्ही गट एकाच कॅफेटेरियातून समोसे घेऊन यायचे. शाळेत हिंदी, अरबी, इंग्रजी. मराठी घरी. आम्ही भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लावायचो, शनिवारी दुपारी एकीच्या घरी सगळ्यांची मुलं गोळा करून श्लोक आणि पाढे घ्यायचो. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांच्याकडून नाटक बसवून घ्यायचो. घरची मूर्ती शाडूची, कुणाच्या तरी हातातल्या पिशवीतून सांभाळून आणलेली, आणि विसर्जन घरातच पिंपात. ते पाणी गच्चीवरच्या तुळशींना घातलं जायचं.

दहावी-बारावी जवळ आली की घराघरांत तोच पेच. कॉलेजसाठी मुलगा भारतात जाणार. कुठे ठेवायचा, कुणाकडे? काही कुटुंबं तेव्हाच परतली. त्यांच्या निरोपाचे दिवस अवघड असायचे. खोकी बांधायला सगळा मजला यायचा. ज्या घरी आपण पहिल्यांदा जेवलो, ते घर भराभर रिकामं होताना पाहणं सोपं नव्हतं. पण त्याच आठवड्यात खालून वॉचमन सांगायचा, नवीन फॅमिली येणार आहे, मुंबईची. मग कुणीतरी भाताचा कुकर लावायचं, कुणीतरी दोन चादरी आणि उशा वर न्यायचं, कुणीतरी ग्रोसरीवाल्याला नवं खातं उघडायला सांगायचं.

आता ते शहर फार बदललं आहे. मेट्रो २००९ मध्ये धावू लागली. जेबेल अलीला २०२२ मध्ये नवं मोठं मंदिर झालं. करामातल्या काही जुन्या इमारती पाडल्या गेल्या. नवीन मुलं-मुली शिक्षण आणि नोकरी दोन्ही घेऊन येतात, सुनाही कमावतात, घर ऑनलाइन ठरतं, सामान एका दिवसात दारात येतं, आई रोज व्हिडिओवर दिसते. हे सगळं चांगलं आहे. आम्हाला जे सोसावं लागलं ते त्यांना सोसावं लागू नये असं मनापासून वाटतं. पण त्यांच्यातल्या काहींशी बोलताना कळतं की वर्षभर राहूनही समोरच्या दारामागे कोण राहतं हे त्यांना माहीत नसतं, आणि ताप आला तर रात्री कुणाला हाक मारायची हा प्रश्न तसाच असतो. घरात सगळं आलेलं असतं, फक्त घर लागलेलं नसतं.

आमच्याकडे त्या शहरातलं काहीच मालकीचं नव्हतं. भिंती भाड्याच्या, सामान दुसऱ्याचं, मुक्काम शिक्क्यापुरता. जे होतं ते एकमेकांच्या पदरात टाकून आम्ही पुढे गेलो. ज्यांनी आम्हाला गीझरचं बटण दाखवलं त्यांची परतफेड आम्ही त्यांना करू शकलो नाही, कारण ते आधीच निघून गेले होते. म्हणून ती आम्ही पुढच्यांना केली, आणि त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. आमची मुलं आज टोरंटोत, फ्रँकफर्टमध्ये, सिंगापुरात घरं लावत आहेत. त्यांना एवढंच सांगणं आहे. पहिल्या आठवड्यात शेजारचं दार वाजवा. आणि दुसऱ्या वर्षी तुमच्या मजल्यावर कुणी नवं आलं, तर त्यांनी दार वाजवायची वाट पाहू नका, तुम्ही आधी जा. पहिल्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटलेली नसते, तेव्हा जेवण तुमच्या घरचं असू द्या. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांनी परक्या गावात असंच घर केलं आहे, आणि हे काम ज्याच्या वाट्याला येतं त्यानं ते करायचंच असतं.